एफबीडी: प्रत्येक बाणाला विचारा, ‘हे बल लावतंय कोण?’

एफबीडी म्हणजे फ्री बॉडी डायग्राम: एकाच वस्तूवर लागणारी बलं बाणांनी दाखवणारी आकृती. दादरला टेम्पोतून 20 किलोची पेटी फळीवरून खाली घसरते आहे. फळी जमिनीशी 30 अंशांत, गतिज घर्षणांक 0.4. टेम्पो, फळी, हमाल काही काढू नका. फक्त पेटी, तीही ठिपक्याएवढी.

आता पेटीला कोण शिवतंय? एकटी फळी. तिची बलं दोन: फळीला काटकोनात लंबप्रतिक्रिया आणि फळीलगत वरच्या दिशेने घर्षण. न शिवता ओढते ती पृथ्वी: सरळ खाली, 20 × 9.8 = 196 न्यूटन. झाले तीन बाण. ‘घसरवणारं बल’ म्हणून चौथा काढायचा मोह होतो, पण तो वजनाचाच घटक आहे.

अक्ष फळीलगत घ्या. वजनाचे घटक तुटक रेषेने काढा आणि मूळ बाणावर काट मारा, नाहीतर वजन दोनदा मोजलं जातं. साइन की कोसाइन, असा गोंधळ झाला तर फळी मनात आडवी करा. कोन शून्य, पेटी घसरत नाही, आणि शून्य अंशाला शून्य होतो तो साइन. म्हणजे फळीलगतचा घटक साइनचा, 98 न्यूटन. फळीला लंब घटक 170. तेवढीच लंबप्रतिक्रिया, म्हणून घर्षण 0.4 × 170 = 68. उरले 30 न्यूटन, त्वरण 1.5 मी/से². लंबप्रतिक्रिया म्हणजे वजनच, या सवयीने 196 धरलेत तर उत्तर 1 च्या आसपास येतं. परीक्षेत हा पर्याय दिलेला असू शकतो.

खरी फसगत लोकलमध्ये. गाडी सुटताना वरचं हँडल मागे झुकतं आणि वहीत मागे जाणारा बाण उमटतो. हे बल लावतंय कोण? कुणीच नाही. प्लॅटफॉर्मवरून पाहिलं तर बलं दोनच, वजन आणि ताण. ताणाचा उभा घटक वजन पेलतो, आडवा घटक हँडलला पुढे नेतो. म्हणून टॅन θ = त्वरण ÷ 9.8. त्वरण 0.5 मी/से² धरलं तर झुकाव जेमतेम 3 अंश.

डब्यात बसूनच गणित करायचं असेल तर वस्तुमान × गाडीचं त्वरण एवढं छद्मबल (कुणीही न लावलेलं, फक्त हिशोबासाठी धरलेलं बल) मागे दाखवा, पण मग हँडलचं त्वरण शून्य धरा. अर्धं डब्यातून, अर्धं प्लॅटफॉर्मवरून चालत नाही.

आणि पेटी फळीला दाबते ते बल? ते फळीच्या एफबीडीत.