गुऱ्हाळात सेन्सर लावताय? या चुका टाळा

कोल्हापुरात प्रोजेक्टचा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळीनंतर करवीर-कागलकडं गुऱ्हाळं पेटली की कुणीतरी काहिलीतल्या (रस आटवायच्या मोठ्या कढईतल्या) पाकाचं तापमान मोजायला निघतंच. गूळ उतरवायची वेळ साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येते. दोन-तीन अंश चुकले की ढेप एकतर मऊ राहते, नाहीतर गूळ करपट लागतो.

पहिली चूक लॅबमध्येच होते. सेन्सरचा आकडा तपासायला उकळत्या पाण्यात थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडून केलेला तापमानाचा सेन्सर) बुडवायचं आणि त्या आकड्याला डोळे झाकून १०० म्हणायचं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्याला १०० ठरवलंत, तर पडद्यावर ११८ दिसतं तेव्हा पाक जेमतेम ११६ असतो. शून्य अंश तपासायलाही नुसता बर्फाचा खडा नको. बर्फ कुटून, पाणी घालून लगदा करा, जरा थांबा आणि मग टोक बुडवा.

आमचे दोन दिवस मात्र वायरनं खाल्ले. आमच्या के-टाइप (हा थर्मोकपलचा एक प्रकार) थर्मोकपलची तार अपुरी पडली म्हणून घरात लाइटला वापरतात तीच तांब्याची वायर जोडली. टेबलावर सगळं झकास! गुऱ्हाळात मात्र आकडा एकदम तीसेक अंशांनी कमी. कारण साधं आहे. थर्मोकपल दोन टोकांतला फरक मोजतं. जोड चुलवाणाजवळ ६० अंशांवर तापला होता आणि आकडा वाचणारा बोर्ड लांब सावलीत ३० वर होता. बोर्ड स्वतःचेच ३० मिळवतो, तांब्याच्या वायरीतला मधला फरक गायब. के-टाइपचीच एक्स्टेन्शन केबल घ्या, आणि प्लस-मायनस दोनदा बघा. टेबलावर जोड मुद्दाम गरम करून पाहिला असता तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

टोकावर जाड स्टीलची नळी चढवली की ते टिकतं, पण सुस्तावतं. पाक मिनिटाला दोन अंश चढतोय आणि सेन्सरचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे बदल पकडायला लागणारा वेळ, एक मिनिट आहे, तर आकडा कायम दोन अंश मागंच. गार पाण्यातून उकळत्या पाण्यात टाकून ६३ टक्के फरक गाठायला किती सेकंद लागतात ते आधी मोजा, तोच टाइम कॉन्स्टंट.

टोक काहिलीच्या तळाला टेकू देऊ नका, तिथं पाकाचं नव्हे, पत्र्याचं तापमान येतं. चरकाची मोटर सुरू झाल्यावर आकडे नाचले, तर २० मिलिसेकंदांच्या पटीत सरासरी घ्या; विजेच्या लाइनचा ५० हर्ट्झचा गोंगाट बराच बसतो.

शेवटी तुलना गुळव्याशीच (गूळ करणाऱ्या कारागिराशी) करायची असते. तो पाण्यात पाकाची गोळी करून बघतो आणि उतरवा म्हणतो, ती वेळ टिपून ठेवा. पण तेव्हा डिस्प्ले त्याच्याकडं करू नका. आमच्या गुळवेमामांनी तिसऱ्या काहिलीपासून गोळी करायचीच सोडली, आकडाच बघायला लागले.