एक्सटेन्शन काढलं तरी परत का येतं? या चुका टाळा

रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकांकडे एका रविवारी सकाळी गेले, तेव्हा ते कपाळावर चष्मा चढवून कॉम्प्युटरसमोर बसले होते. गणपतीच्या वर्गणीची यादी करायची होती. पण नवा टॅब उघडला की गूगलच्या जागी भलतंच पान यायचं. वर हवामान, मधे शोधायची चौकट, खाली जाहिराती. काहीही शोधलं की वरचा पत्ता डोळ्यांदेखत दोन-तीनदा बदलायचा. मी क्रोमच्या एक्सटेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, यादीत गेले, एक अनोळखी नाव दिसलं ते काढून टाकलं, काकूंनी दिलेले पोहे खाल्ले आणि घरी आले. मंगळवारी काकांचा फोन: "बेटा, ते परत आलं गं."

चूक माझी होती. एक्सटेन्शन मी काढलं, पण ते बसवलं कुणी हे पाहिलंच नव्हतं. त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच घरी हे काम केलं, आणि माणसं नेमकी कुठे अडकतात ते कळत गेलं.

आधी रोग ओळखा

स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत' अशी पट्टी येते आणि लोक एक्सटेन्शन शोधत बसतात. ती पट्टी बहुतेक वेळा एक्सटेन्शनची नसतेच. कधीतरी कुठल्या तरी साइटवर 'अलाऊ' दाबलेलं असतं आणि ती साइट नोटिफिकेशन पाठवत राहते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती काढा, काम झालं. फोनवर तर हे आणखी पक्कं लक्षात ठेवा. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्सटेन्शन बसतच नाही. तिथे असा त्रास असेल तर तो नोटिफिकेशनचा, नाहीतर एखाद्या ॲपचा.

पानांच्या आत जाहिराती घुसत असतील तर तीच साइट इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत उघडून बघा. तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथे एक्सटेन्शन चालत नाहीत. जाहिराती गायब झाल्या, तर संशय एक्सटेन्शनवर घ्यायला हरकत नाही. फायरफॉक्समध्ये हेल्प मेनूतला ट्रबलशूट मोड हेच काम करतो. आणि सर्च इंजिन बदललं असेल, तर क्रोमच्या सर्च इंजिनच्या सेटिंगमध्ये पुष्कळदा त्या एक्सटेन्शनचं नावच लिहिलेलं असतं, की ही सेटिंग अमुक एक्सटेन्शनच्या ताब्यात आहे. लोक ते वाचत नाहीत, सरळ ड्रॉपडाउनमधून गूगल निवडायला जातात आणि ते का बदलत नाही म्हणून वैतागतात.

पिन काढणं म्हणजे एक्सटेन्शन काढणं नव्हे

हे थोडक्यात सांगते. वरच्या पट्टीवरचं चित्र अनपिन केलं की ते फक्त नजरेआड होतं, एक्सटेन्शन चालूच राहतं. यादीतलं बटण बंद केलं की ते थांबतं, पण कॉम्प्युटरवर राहतं. 'रिमूव्ह' दाबलं तरच जातं. त्यासाठी तीन टिंबांचा मेनू, एक्सटेन्शन्स, मॅनेज एक्सटेन्शन्स. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्येही मेनूत एक्सटेन्शन्सच आहे, फायरफॉक्समध्ये ॲड-ऑन्स किंवा एक्सटेन्शन्स. क्रोममध्ये दोन प्रोफाइल असतील तर प्रत्येकाची यादी वेगळी असते. दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर बाप-लेक दोघं बसत असतील तर दोन्ही याद्या बघाव्या लागतात.

दोषी कोण ते कळत नसेल तर सगळंच उडवू नका. बारा असतील तर सहा बंद करा आणि त्रास थांबतो का बघा. थांबला तर चोर त्या सहांत आहे, नाही थांबला तर उरलेल्यांत. मग पुन्हा निम्मे. तीन-चार फेऱ्यांत सापडतो.

नाव बघून विश्वास ठेवू नका

'हे तर मी किती वर्षं वापरते', हे वाक्य मी फार ऐकते. पण एक्सटेन्शन आपोआप अपडेट होतं, आणि त्याचा मालक बदलला तरी तुम्हाला कुणी कळवत नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक्सटेन्शन न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, लाखो लोकांकडे होतं. 2020 मध्ये ते दुसऱ्याच्या हाती गेलं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्यात मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, असल्याचं सांगून गूगलने ते बंद केलं. डिसेंबर 2024 मध्ये तर सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीचं एक्सटेन्शन अशा तडाख्यात सापडलं. फसव्या ईमेलमधून एका कर्मचाऱ्याच्या खात्याचा ताबा गेला आणि ऐन नाताळच्या सुमारास बिघडवलेली आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचली. त्या लोकांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं.

म्हणून नाव नको, 'डिटेल्स' उघडा. 'सगळ्या वेबसाइट्सवरची तुमची सगळी माहिती वाचणं आणि बदलणं' या अर्थाची परवानगी तिथे दिसली तर एक सरळ प्रश्न विचारा: हे काम करायला याला माझ्या बँकेचं पान वाचायची काय गरज? जाहिराती अडवणाऱ्याला अशी परवानगी लागते. रंगीत घड्याळ दाखवणाऱ्याला लागत नाही. एक्सटेन्शन हवं आहे पण परवानगी मोठी वाटते, अशा वेळी त्याच पानावर साइट ॲक्सेस 'ऑन क्लिक' करता येतो. मग तुम्ही चित्रावर टिचकी मारल्याशिवाय ते पानाला हात लावत नाही.

एक उलटी चूकही होते. 2024 पासून क्रोमने जुन्या पद्धतीची एक्सटेन्शन टप्प्याटप्प्याने बंद केली, त्यात जाहिराती अडवणारी नावाजलेली एक्सटेन्शनही गेली. 'आता चालणार नाही' असा संदेश म्हणजे व्हायरस नव्हे. धोका पुढच्या पायरीला असतो: घाईघाईने तसंच नाव, तसंच चित्र शोधून भलतंच काही बसवलं जातं.

परत येतंय, म्हणजे कुणीतरी परत आणतंय

खरा गुंता इथे आहे. परत आणणारे मुख्यतः तिघं.

पहिला म्हणजे सिंक, म्हणजे एकाच खात्याच्या सगळ्या कॉम्प्युटरवर क्रोम सारखंच ठेवायची सोय. सुदामानगरच्या वहिनींनी घरच्या लॅपटॉपवरून एक कूपन शोधणारं एक्सटेन्शन तीनदा काढलं. तेच खातं ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालू होतं आणि तिथे त्याच कूपनवाल्याचा प्रोग्रॅम बसलेला होता. तो तिथे बसवायचा, सिंक इथे आणायचा. सिंक थोडा वेळ थांबवून दोन्हीकडून काढलं, मगच सुटका झाली.

दुसरा म्हणजे विंडोजमध्ये बसलेला प्रोग्रॅम. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे जाऊन यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय बसलं ते बघा. काकांच्या यादीत पीडीएफचं वर्ड करून देणारा एक फुकट प्रोग्रॅम होता. मागच्या वर्षीची वर्गणीची यादी पीडीएफमध्ये होती, ती बदलायला त्यांनी तो घेतला होता. बसवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेले, आणि मधल्या एका पानावरची आधीच भरलेली टिकमार्क तशीच राहिली.

तिसरा सगळ्यांत चिवट. काकांच्या त्या एक्सटेन्शनला मंगळवारी 'रिमूव्ह' बटणच नव्हतं. बंद करायचं बटणही करडं, दाबता न येणारं. मेनूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं आलेलं. काका निवृत्त होऊन किती वर्षं झाली, घरच्या कॉम्प्युटरला कुठली संस्था? ही सोय मुळात कंपन्यांसाठी आहे, ठरलेली एक्सटेन्शन सगळ्या कॉम्प्युटरवर सक्तीने बसवायला. उपद्रवी प्रोग्रॅम तिचाच वापर करून घेतात.

अशा वेळी पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाईप करा. लागू असलेले नियम दिसतात. 'एक्सटेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' या नावापुढे एक लांबलचक अक्षरमाला असेल. ती एक्सटेन्शनची ओळख: बरोबर 32 अक्षरं, सगळी ए ते पी यांच्यातलीच. एक्सटेन्शनच्या डिटेल्स पानाच्या पत्त्यातही तीच असते. दोन्ही जुळली की चोर पक्का झाला.

इथे घाई करू नका, क्रम पाळा. आधी तो प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करा. मग विंडोज सिक्युरिटीचा पूर्ण स्कॅन लावा. त्यानंतरही नियम उरला असेल तर रजिस्ट्रीचा (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीचा) बॅकअप घेऊन लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने जाऊन फोर्सलिस्टमधली तेवढीच नोंद काढा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. आधी नोंद काढली आणि प्रोग्रॅम तसाच ठेवला, तर तो नोंद परत लिहितो. रजिस्ट्रीला कधी हात लावला नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा. काही अँटिव्हायरसही असे नियम लावतात, म्हणून दिसेल तो नियम उडवू नका. आणि कॉम्प्युटर खरोखरच ऑफिसचा असेल तर यातलं काहीच करू नका, ऑफिसच्या आयटीवाल्यांना सांगा.

सफाईच्या नावाखाली होणारं नुकसान

जुन्या लेखांत क्रोमचं 'क्लीन अप कॉम्प्युटर' वापरा असं लिहिलेलं असतं. ते 2023 मध्येच क्रोममधून काढून टाकलं गेलं. ते सापडत नाही म्हणून माणसं क्लीनर शोधतात, जाहिरातीतला पहिलाच उतरवतात आणि एकाचे दोन त्रास करून घेतात. एक्सटेन्शनचं फोल्डर शोधून हाताने डिलीट करणं हाही उपाय नव्हे. क्रोमला ते बिघडलेलं वाटतं आणि ते दुरुस्त करायला जातं.

क्रोममध्ये रीसेटची सोय आहे, ती वापरायला घाबरू नका. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड राहतात. एक्सटेन्शन बंद होतात, होमपेज आणि सर्च इंजिन मूळचं होतं, कुकीज (साइट्सनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या खुणा) जातात म्हणजे साइट्सवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. एवढं करूनही भलतंच पान उघडलं तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. टार्गेटच्या ओळीत शेवटी एखादा वेबपत्ता चिकटवलेला असतो.

पासवर्ड कधी बदलायचा

बहुतेक जण भीतीने आधी पासवर्ड बदलतात, तोही त्याच ब्राउझरमधून. पान वाचायची परवानगी असलेलं एक्सटेन्शन नवा पासवर्डही वाचू शकतं. आधी एक्सटेन्शन घालवा, किंवा दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदला. ईमेलपासून सुरुवात करा, मग बँक. ईमेलच्या खात्यात 'युअर डिव्हायसेस' उघडून अनोळखी ठिकाणांहून साइन आऊट करा, कारण चालू लॉगिनची कुकी चोरली गेली असेल तर चोराला पासवर्ड लागतही नाही. पैसे गेलेच असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन, कॉम्प्युटरची दुरुस्ती नंतर.

काकांचा कॉम्प्युटर त्या दिवशी दोनदा बंद करून सुरू केला, दर वेळी नवा टॅब आणि पॉलिसीचं पान तपासलं. आता त्यांच्याकडे दोनच एक्सटेन्शन आहेत. टेबलाजवळच्या कॅलेंडरवर काकांनी पेन्सिलने त्यांची नावं आणि बसवल्याची तारीख लिहून ठेवली आहे. महिन्याच्या एक तारखेला पेन्शन आली का बघतात, तेव्हाच ती दोन नावं यादीशी ताडून घेतात. तिसरं नाव दिसलं तर काही न दाबता मला हाक मारायची, एवढं ठरलं आहे.