राउटर बदलला, कॅमेरा ऑफलाइन: नव्या वायफायला पुन्हा कसा जोडायचा?

नवा राउटर बसतो, फोन जोडला जातो, टीव्ही जोडला जातो. दोन दिवसांनी दारावर कोण येऊन गेलं ते बघायला ॲप उघडावं, तर कॅमेरा ‘ऑफलाइन’. तो बिघडलेला नसतो. जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड त्याच्या पोटात साठवलेला असतो आणि तो अजून तेच नाव शोधत बसलेला असतो.

म्हणून शिडी काढण्याआधी एक सोपा उपाय करून बघा. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवर सेटिंगचा पत्ता असतो, बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकून आत गेलात की वायरलेस विभागात नाव बदलता येतं. मात्र लहान-मोठी अक्षरं, मधली मोकळी जागा, सगळं हुबेहूब हवं. सुरक्षेचा प्रकारही जुनाच, म्हणजे बहुधा डब्ल्यूपीए२ ठेवा. फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर बरेच जुने कॅमेरे जोडलेच जात नाहीत. जमलं तर एकाच्या जागी चार कॅमेरे असले तरी सगळे आपोआप परत येतात. पासवर्ड भलत्यांच्या हाती गेला म्हणून वायफाय बदललं असेल, तर अर्थात हा मार्ग विसरा.

जुना राउटर अजून चालू असेल तर आणखी एक सोय आहे. बऱ्याच ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय बदला’ अशा अर्थाचा पर्याय असतो. कॅमेरा जुन्या नेटवर्कवर ऑनलाइन असतानाच तिथून नवं नेटवर्क निवडा.

दोन्ही जमलं नाही, तर रीसेट. पण ॲपमधून कॅमेरा घाईने काढून टाकू नका. क्लाउडवर साठवलेलं चित्रीकरण त्याच्याबरोबर जाऊ शकतं. आधी हे करा:

१. कॅमेरा काढून राउटरजवळ आणा आणि चार्जरला लावा. जोडणी खाली बसून करा, नंतर वर चढवा.

२. फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या (राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर, वायफाय देतो). व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारं ॲप, चालू असेल तर बंद करा, ॲपला लोकेशनची परवानगी द्या.

३. रीसेटचं बटण शोधा. ते मेमरी कार्डाच्या झाकणाखाली किंवा टाचणीच्या भोकाएवढ्या छिद्रात असतं. सिमकार्डची पिन घालून ५ ते १० सेकंद दाबून धरा. आवाज आला किंवा दिवा लुकलुकू लागला की सोडा.

४. ॲपमध्ये ‘नवं उपकरण जोडा’ निवडून नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड टाका. ॲपने फोनवर क्यूआर कोड दाखवला, तर तो भिंगासमोर साधारण वीतभर अंतरावर स्थिर धरा. कोड वाचला जात नसेल तर फोन हळूहळू मागे-पुढे करा आणि स्क्रीनचा उजेड थोडा कमी करून बघा.

यातली दुसरी पायरी किरकोळ वाटते, पण सगळ्यात जास्त लोक तिथेच अडकतात. घरगुती कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, ५ गिगाहर्ट्झ नाही. नव्या राउटरवर बहुधा दोन्हींचं नाव एकच असतं आणि फोन ५ वर जाऊन बसलेला असतो. मी स्वतः अर्धा तास स्टुलावर उभा राहून पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत होतो. पासवर्ड बरोबरच होता. शेवटी राउटरच्या सेटिंगमध्ये दोन बँडना वेगळी नावं दिली आणि पहिल्या झटक्यात काम झालं.

काही कॅमेरे रीसेटनंतर स्वतःचंच तात्पुरतं वायफाय सोडतात. फोन त्याला जोडला की ‘इंटरनेट नाही’ अशी सूचना येते, तिला घाबरू नका. मात्र तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर फोन मधेच तिकडे पळतो.

कॅमेरा वर चढवल्यावर थेट चित्र मिनिटभर बघा. अडखळत असेल तर मधल्या भिंतींमुळे सिग्नल कमजोर पडतोय, राउटर जरा सरकवा. चित्रीकरण एनव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणाऱ्या वेगळ्या रेकॉर्डरवर, होत असेल तर नव्या राउटरने कॅमेऱ्याला दुसरा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) दिला असण्याची शक्यता असते. तो एनव्हीआरमध्ये बदलून घ्या. आणि रीसेटमुळे हालचालीच्या सूचना, वेळ, कॅमेऱ्याचा पासवर्ड असं बरंचसं मूळ पदावर गेलेलं असतं, ते त्याच बैठकीत पुन्हा लावून टाका.