पेरणी यंत्राची बियाण्याची प्लेट थ्रीडी प्रिंटरवर काढताना

प्लँटरची, म्हणजे पेरणी यंत्राची, एकेक दाणा उचलून टाकणारी तिरपी प्लेट तुटली की ऐन मृगात त्याच मापाची दुसरी मिळेलच याचा भरवसा नाही. एफडीएम (वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर देऊन वस्तू छापणं) पद्धतीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं आणि प्रिंटर आवाक्यात आले, त्यामुळे ती आता स्वतः काढता येते. पण काम वैशाखातच उरकून घ्या.

पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) वापरू नका. तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. मराठवाड्याच्या उन्हात उभ्या ट्रॅक्टरवर, त्यातही काळ्या रंगाची प्लेट हमखास वाकते. त्याऐवजी पीईटीजी हे प्लास्टिक घ्या, तो साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतो.

जुन्या प्लेटचा व्यास, जाडी, मधलं भोक आणि चावीची खाच व्हर्नियरने मोजा. बियाण्याच्या खाचा मात्र जुन्यावरून उतरवू नका, आपलं बियाणं मोजा. पन्नासेक दाण्यांत सगळ्यात मोठा ८ मिमी निघाला तर खाच ८.८ मिमी, म्हणजे दहा टक्के मोठी; खोली दाण्याच्या जाडीइतकी. सोयाबीनचं एमएयूएस-७१ सोडून दुसरं वाण घेतलं तरी पुन्हा मोजा. खाचेच्या कडा गोल करा, धारदार कडेने सोयाबीनचं साल फुटतं आणि उगवण मार खाते.

छापलेलं भोक आखल्यापेक्षा ०.२ ते ०.४ मिमी लहान येतं. म्हणून आधी मधल्या भोकाची ३ मिमी उंचीची नुसती रिंग काढा आणि शाफ्टवर घालून बघा. ठोकून बसवावी लागली तर भोक ०.२ ने वाढवा. एवढ्याने अख्खी प्लेट वाया जायची वाचते.

प्लेट आडवीच छापा. थर एकमेकांपासून सुटतात, ती या कामाची खरी कमजोर जागा. नोझल (प्लास्टिक सोडणारी तोटी) २४० अंश, बेड (वस्तू छापली जाते ती तापती पाटी) ८०, थर ०.२ मिमी, बाहेरच्या भिंती ४, आतलं भरण ४० टक्के, पंखा निम्म्यावर. काचेच्या बेडवर आधी ग्लूस्टिक फिरवा, नाहीतर पीईटीजी काचेचा टवका घेऊन निघतो. पहिला थर फुगून बाहेर येतो, त्यासाठी खालच्या कडेला अर्ध्या मिमीचा उतार द्या.

नोझलमधून चरचर आवाज आला, तंतू सुटले, तर फिलामेंट (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार) ओलं आहे. ६५ अंशांवर सहा तास वाळवा. लाईट गेली की बेड थंड होतो आणि वस्तू सुटते. मग ‘रिझ्यूम’ दाबूनही जोड कच्चाच राहतो. भारनियमनाची वेळ टाळा.

शेवटी यंत्र जागेवरच फिरवा. १२ खाचांच्या प्लेटचे १० फेरे म्हणजे १२० दाणे. कमी पडले तर खाच लहान. जास्त पडले तर एका खाचेत दोन दाणे बसताहेत, खोली कमी करा.