जाइव्ह शिकताय? आधी या चुका टाळा

जाइव्ह म्हणजे रॉक अँड रोलवर जोडीने करायचा जलद नाच. त्यातली पहिली चूक पाऊल उचलण्याआधीच होते, गाणं निवडताना. रॉक अँड रोल म्हटलं की बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' लावायचं आणि सुटायचं. 1954 च्या त्या रेकॉर्डवर मिनिटाला 180 च्या आसपास ठोके पडतात. स्पर्धेतला जाइव्हसुद्धा साधारण 168 ते 176 वर नाचतात आणि तिथे उतरणाऱ्यांची वर्षं सरावात गेलेली असतात. ज्याला अजून पाय शोधावे लागतात, त्याने 120-130 ठोक्यांचं गाणं घ्यावं. माझ्या वर्गात पहिले काही दिवस त्याहून वेगाचं गाणं वाजतच नाही. मुलं कंटाळतात, मला चालतं. पार्टीत जलद गाणं लागलंच, तर दोन्ही बाजूंच्या ट्रिपल स्टेपऐवजी (दोन ठोक्यांत तीन छोटी पावलं) एकेकच पाऊल टाका. जुनेजाणते तेच करतात, त्यात कमीपणा नाही.

दुसरी चूक: गाणं न ऐकता व्हिडिओ पाठ करणं. याचा मला मनापासून राग येतो. वसईकडच्या एका रिसेप्शनसाठी एक जोडपं लग्न तोंडावर आल्यावर शिकायला आलं. त्यांना बेसिक, म्हणजे परत परत येणारं मूळ पाऊल, नको होतं, व्हिडिओतल्या गिरक्या आणि शेवटी नवरीला मागे झुकवणं तेवढं हवं होतं. रेकॉर्डवर त्यांनी ते छान बसवलंही. पण त्या दिवशी बँड होता. बँडने वेग चढवला, ध्रुवपद एकदा जास्त घेतलं, आणि नवरदेव मनातल्या मनात मोजतच राहिला. तिचं वजन दुसऱ्या पायावर असताना त्याने हात वर खेचून तिला फिरवलं. तिचा खांदा दुखावला. स्वतःच्या रिसेप्शनला ती मुलगी बर्फ लावून बसली होती.

बेसिक आणि कान तयार असते, तर चुकलेल्या जागेवरूनही दोघं सावरली असती. म्हणून मी आधी टाळ्या वाजवायला लावते, चार ठोक्यांतल्या 2 आणि 4 वर, कारण ड्रमचा फटका तिथेच असतो. मग हात न धरता बेसिक. बेसिक सहा ठोक्यांचं आणि संगीत चार-चारच्या मापात, त्यामुळे पाऊल 'मध्येच' पडतंय असं वाटून नवशिके थांबतात. थांबू नका. रॉक अँड रोलची बरीच गाणी ब्लूजच्या बारा मापांच्या साच्यावर बांधलेली असतात. बारा मापं म्हणजे 48 ठोके, म्हणजे बरोबर आठ बेसिक. कडवं संपतं तिथे तुम्हीही समेवर येता. हे एकदा कानाला कळलं की बँड काहीही वाजवू दे.

हाताने ओढू नका. आपण सरकलो की जोडीदाराला हातातून आपोआप कळतं. अंगठ्याने तिची मूठ आवळून धरणं तर आजच सोडा, गिरकीत मनगट मुरगळतं.

लांब पावलं टाकू नका. गोव्यात किंवा वांद्र्याला लग्नात जाइव्ह करणाऱ्या काका-काकूंचे पाय बघा, कमरेखालून बाहेर जात नाहीत. रॉक स्टेपला (एक पाय मागे टाकून परत पुढच्या पायावर येणं) मागचा पाय वीतभर गेला तरी पुरतो.

प्रत्येक गाण्यावर लिंडी हॉप, म्हणजे जाइव्हच्या आधीचा स्विंग नाच, नको. तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, सॅव्हॉय बॉलरूमसारख्या ठिकाणी स्विंग बँडच्या झुलत्या लयीवर वाढला. सरळ, ठोकळ रॉकवर त्याची मूळ आठ ठोक्यांची वळणं तुटक दिसतात. तिथे जाइव्हच करावा.

जोडीदाराला हवेत उडवणं गर्दीच्या फ्लोअरवर कधीही नाही. विचारूही नका.

आणि रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज घालून गिरक्या घेऊ नका. बूट जमिनीला चिकटतो, शरीर फिरतं, पीळ गुडघ्याला बसतो. कातडी तळव्याचे साधे बूट आणा, नसतील तर त्या दिवशी गिरक्या वगळून नाचा.