जुन्या पीसीत ३८६ बोर्ड बसवताना

केबलवाला अपग्रेड बोर्ड (यावर वेगवान ३८६ प्रोसेसर असतो आणि त्याच्या केबलचा प्लग जुन्या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये बसतो) घेण्याआधी पॉवर सप्लाय बघा. मूळ आयबीएम पीसीचा सप्लाय ६३.५ वॉटचा, हार्ड डिस्कही असेल तर एक्सटीचा (आयबीएमच्या पुढच्या पीसीचा) १३० वॉटचाच लावा.

वीज काढा, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून हात चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) टेकवा. ८०८८ (पीसीची मूळ प्रोसेसर चिप) दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचला. एकाच बाजूने उपटली की पाय वाकतात. पुण्याच्या पावसाळ्यात सॉकेटचे संपर्क काळे पडतात. बुधवार पेठेत मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

आता केबलचा प्लग त्याच सॉकेटमध्ये बसवा. प्लगची खाच सॉकेटच्या खाचेशी जुळलीच पाहिजे, उलटा बसला तर बोर्ड जळू शकतो. चाळीसही पिना टॉर्चने तपासा. एखादी आत दुमडली असेल तर स्क्रीन कोराच राहतो.

कॉपी प्रोटेक्शनची (नक्कल रोखणारी) प्रोग्रामची फ्लॉपी जादा वेगामुळे अडली? बोर्डाला मंद मोड असेल तर तो लावून बघा.