विंडशील्डची काच वाकवताना आणि निववताना: या चुका टाळा

तयार विंडशील्डच्या कडेला बुडबुडे दिसले की पहिला ठपका ऑटोक्लेव्हवर (काचा आणि फिल्म उष्णतेने, दाबाने चिकटवणाऱ्या बंद टाकीवर) बसतो, दुसरा काचांमधल्या पीव्हीबी या प्लास्टिकच्या फिल्मवर. दाब बदलतात, तापमान बदलतात, फिल्मचा रोल बदलतात, आणि बुडबुडे येतच राहतात. अशा वेळी मागे जाऊन वाकवण्याची भट्टी तपासा. कडेच्या बुडबुड्यांचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं, आणि चिरांचं तर त्याहून जास्त वेळा.

कारच्या विंडशील्डमध्ये साधारण 2 मिमीच्या दोन काचा आणि मध्ये 0.76 मिमी पीव्हीबी असते. दोन्ही काचा एकावर एक ठेवून रिंगच्या साच्यावर 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवल्या की त्या स्वतःच्याच वजनाने खाली झुकतात. गाडीत बाहेर येणारी काच खाली असते, आतली वर.

जोडी मोडणं

वाकवून झाल्यावर जोडी उघडतात, धुतात, मध्ये फिल्म घालतात. नेमकी इथे ट्रॉलीवरची अदलाबदल होते. मॉडेल एकच, माप एकच, मग काय बिघडतं? बिघडतं. प्रत्येक रिंग थोडी वेगळी, भट्टीतली प्रत्येक जागा थोडी वेगळी, त्यामुळे एकत्र झुकलेल्या काचाच एकमेकींवर नीट बसतात. दुसऱ्या जोडीतली काच वर ठेवा आणि कडेला फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघा, फट लगेच सापडेल.

ऑटोक्लेव्हमध्ये 140 अंशांच्या आसपास, 12 बार दाबाखाली काचा दाबून बसतात आणि ही फट दिसेनाशी होते. काच स्वच्छ बाहेर येते, तपासणीतही पास होते. पण काच मूळ आकाराकडे परतायला बघत असते आणि कडेला फिल्मला सतत ओढत राहते. गाडी काही दिवस उन्हात उभी राहिली की बुडबुडे वर येतात. म्हणून दोन्ही काचांवर जोडीचा एकच नंबर टाका आणि फिल्म घालण्याआधी तो जुळवा.

पावडरबद्दल थोडक्यात. वाकवताना दोन काचा चिकटू नयेत म्हणून मध्ये टाकलेली पावडर कमी पडली तर काचा चिकटतात, गुठळी राहिली तर तिथे खळगा उमटतो. आणि ती साध्या बोअरच्या पाण्याने धुऊ नका. पाण्यातले क्षार काचेवर राहिले की फिल्मची पकड ढिली होते.

बाक कमी पडला म्हणून सगळी भट्टी तापवणं

मध्यभागी बाक कमी आला की हात आपोआप तापमान वाढवायला जातो. पण विंडशील्डच्या कडेने छापलेली काळी पट्टी उष्णता जास्त शोषते. सगळीकडे तापमान वाढवलं की मधला बाक सुधारतो आणि काळ्या पट्टीलगतची काच मात्र लहरते. तिरक्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फलकासमोर काच गाडीतल्या कोनात धरली की पट्ट्या तिथेच मोडलेल्या दिसतात. मधले हीटर वाढवा, कडेचे कमी करा किंवा कडेवर आडोसा द्या.

निववण्यातल्या चुका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. टफनिंग लाइनवर, म्हणजे काच झपाट्याने थंड करून कडक करतात तिथे, काम केलेल्या माणसाला हवा मारायची सवय असते. विंडशील्डला ती चालत नाही. टफन्ड काच फुटली की सगळीकडून दाणे होतात आणि चालकाला समोरचं दिसत नाही, म्हणून ही काच सावकाशच निववायची असते.

मात्र ‘जितकं सावकाश तितकं चांगलं’ हेही खरं नाही. साधारण 550 ते 500 अंशांच्या टप्प्यात काचेतला ताण कायमचा ठरतो. जो भाग आधी गोठतो तो शेवटी दाबात राहतो, जो मागून गोठतो तो ताणात, म्हणजे ओढला गेलेला. विंडशील्डची कड दाबात हवी, म्हणजे ती मधल्या भागाच्या किंचित आधी गोठायला हवी. तापलेली स्टीलची रिंग कडेला चिकटून राहिली तर उलटं होतं: मधला भाग आधी निवतो, कड मागे राहते आणि ताणात येते. मग हाताळताना लागलेला बारीकसा धक्काही पुरतो. दुसऱ्या बाजूला, फार झपाट्याने निववलं तर कडेच्या आतल्या पट्ट्यात ओढीचा ताण वाढतो, आणि तिथे खडा लागला की चीर धावते.

त्यामुळे काच आणि रिंग यांच्या मधलं धातूचं कापड झिजू देऊ नका, आणि कडेचा ताण रिंगनिहाय मोजून लिहून ठेवा, कोपऱ्यांसकट. एकाच रिंगवरच्या काचा पुन्हा पुन्हा फुटत असतील तर भट्टीची रेसिपी (तापमान-वेळेची मांडणी) तशीच ठेवा आणि ती रिंग बाहेर काढा. 500 च्या खाली वेग वाढवता येतो, पण भट्टीच्या तोंडाशी कामगारांसाठी लावलेला पंखा काचेच्या एका बाजूवर वारा टाकत नाही ना, हे जरूर बघा. चाकण-भोसरीच्या उन्हाळ्यात पंखा हवाच. त्याचं तोंड फक्त वळवा.

फुटलेली काच लगेच टाकून देणं

तुकडे भंगारात जाण्याआधी चीर कडेला जिथे मिळते ती जागा शोधा. उष्णतेच्या ताणाने गेलेली चीर कडेला काटकोनात मिळते. तिथे शिंपल्यासारखी कपची दिसली आणि चीर एकटीच पुढे गेली असेल, तर ताण कमी होता आणि कडेला इजा होती. ग्राइंडिंग आणि हाताळणी तपासा. चिरेला कडेजवळच फाटे फुटले असतील तर ताण जास्त होता. मग भट्टीतला निववण्याचा टप्पा तपासा.